दौलतरावांचं टाइलचं काम

“घरात टाइलचं काम काढलंय,” एवढंच दौलतराव लिफ्टमध्ये बोलले. थाप मारली असती तर निभावून गेलं असतं. पण त्यांची आजवरची सगळी नोकरी चाकणच्या एका कंपनीत, क्वालिटी खात्यात गेलेली. जे आहे ते आहे म्हणायचं आणि जे बसत नाही त्याला लाल टॅग लावायचा, ही सवय हाडीमाशी मुरलेली. लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या मंजुळाबाई होत्या. त्यांनी सहज विचारलं, “भाऊ, हल्ली संध्याकाळी फिरायला दिसत नाही तुम्ही?” आणि दौलतरावांनी खरं काय ते सांगून टाकलं. मंजुळाबाईंचा मजला आला. त्या उतरल्या, दोन पावलं गेल्या, मागे वळल्या आणि म्हणाल्या, “बाथरूमचं का किचनचं?” तेवढ्यात दार लागलं.

आता यात त्यांचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. टाइलचं काम चाललं होतं हे खरंच, फक्त ते लॅपटॉपवर चाललं होतं. चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक चौकोन आखायचा, त्यात नक्षी भरायची, आणि मग तोच चौकोन शेजारीपाजारी, वरखाली असा मांडत जायचा की एक कुठं संपला आणि दुसरा कुठं सुरू झाला हे बघणाऱ्याला कळता कामा नये. साडीवर, चादरीवर, भेटवस्तूच्या कागदावर असते ती नक्षी अशीच केलेली असते. त्या चौकोनाला टाइल म्हणतात. हे नाव काही दौलतरावांनी ठेवलेलं नाही. पण पिंपळे सौदागरातल्या कुठल्याही सोसायटीत ‘टाइल’ हा शब्द उच्चारला की लोकांच्या कानात ड्रिल मशीन सुरू होतं, एवढं त्यांना कळायला हवं होतं.

हे खूळ डोक्यात शिरलं लेकीच्या डोहाळजेवणात. प्राजक्ता त्यांची एकुलती एक. हिंजवडीत डिझाइनच्या नोकरीला, महाळुंग्याला दिलेली. सासरची माणसं तिथली जुनी, भरपूर जमीन असलेली. हल्ली त्या जमिनीत ऊस कमी आणि गोडाऊनं जास्त, पण घरची रीतभात होती तशीच. विहीणबाई गोजाबाई तर हातात आलेली कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघायच्या. डबा असो, साडी असो, नाहीतर लाडू. लग्नात त्यांनी मानाच्या साड्यांचे पदर उलटे करून बघितले होते आणि काही न बोलता पुन्हा घडी घातली होती. त्या न बोलण्याची ठसठस दौलतरावांना अजून होती.

डोहाळजेवणात गोजाबाई अगदी साधं बोलल्या. “बाळंतविड्याची लई दगदग करू नका भाऊ. आता समदं बाजारात तयार मिळतंय. ज्याच्या त्याच्या घरी तोच हत्ती आन् तेच अस्वल.” यावर “बरं” म्हणून पानात लक्ष घालायचं असतं. दौलतराव मात्र म्हणाले, “आमच्याकडचा विडा बाजारातला नसेल, विहीणबाई. कापडावरची नक्षी मी स्वतः काढणार आहे.” कुसुमताईंनी नवऱ्याकडे बघितलं. या गृहस्थानं जन्मात कधी रांगोळीचा ठिपकासुद्धा टाकलेला नव्हता.

बोलून तर बसले. आता बारशाला पाळण्यात ते कापड दिसलं नाही, तर महाळुंग्यात तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती. त्यांच्या तोंडाचं एक वेळ असो, पण “तुझे वडील काय म्हणाले होते गं?” हे लेकीला सासरी उठता बसता ऐकावं लागलं असतं.

प्राजक्ता बाळंतपणाला माहेरी आलेलीच होती. तिनंच सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकून दिलं आणि उशीला टेकून शिकवणी सुरू केली. “बाबा, याला व्हेक्टर म्हणतात. चित्र कितीही मोठं केलं तरी फाटत नाही, कडा तशाच कोरीव राहतात.” हे दौलतरावांना फार आवडलं. त्यांनी नक्षीला राघू निवडला. कुंची, दुपटं, झबली, सगळ्यांवर हिरवे राघू, हळदीच्या रंगावर. डोळ्यांसमोर तर लख्ख दिसत होतं. अडचण एवढीच होती की ते डोळ्यांसमोरून पडद्यावर उतरेना. त्या सॉफ्टवेअरमध्ये रेघेला बिंदू असतात आणि बिंदूंना धरून रेघ वळवायची असते. दौलतरावांनी एक बिंदू ओढला की राघूचं पोट सुटायचं. पोट आत घ्यावं तर चोच गालात जायची. कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून यायचं, चहा घ्यायचा आणि राघूचं पोट आत घेत बसायचं, असा आठवडा गेला. शेवटी कुसुमताई मागून येऊन म्हणाल्या, “अय्या, ढोबळी मिरची छान जमलीये.”

दौलतरावांनी राघूला डोळा काढला आणि पुन्हा दाखवला. कुसुमताईंनी चष्मा लावून नीट बघितलं. “मिरचीला कीड लागलीये का हो?”

डोळ्यावर काळं वर्तुळ, गळ्याला लाल कंठ, शेपटीला दोन लांब पिसं असं करत करत एकदाचा तो राघू झाला. निदान घरातली माणसं राघू म्हणू लागली. तो चौकोनात बसवला, चौकोन पुन्हा पुन्हा मांडला, तर सगळे राघू शिफ्ट सुटायच्या वेळी गेटवर उभे राहतात तसे ओळीनं उभे. प्राजक्ता म्हणाली, “बाबा, एक राघू चौकोनाच्या कडेवर ठेवा. अर्धा उजवीकडून बाहेर जाईल, तेवढाच अर्धा डावीकडून आत आला पाहिजे. मग जोड कळत नाही.” हे मात्र दौलतरावांच्या पचनी पडेना. अर्धवट पार्ट पुढं पाठवायचा? उरलेला अर्धा शेजारच्या चौकोनात मिळेल या भरवशावर? कंपनीत असं कुणी सुचवलं असतं तर त्याची बदली स्टोअरमध्ये झाली असती. पण करून बघितलं, आणि अर्ध्याला अर्धा लागून अख्खा राघू उभा राहिला तेव्हा ते स्वतःशीच हसले. बाहेरच्या खोलीत बसून एकटेच हसतात, हे कुसुमताईंनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

नेमकी तेव्हाच बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी मारुतराव. हे सरकारी कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा येताना कचेरीही सोबत घेऊन आले असावेत. मागे मंजुळाबाई.

“दौलतराव, टाइलचं काम विनापरवानगी सुरू केलंत?”

“ते काम तसलं नाही हो.”

“राडारोडा कुठं टाकणार?”

“राडारोडा होणारच नाही.”

“सगळे हेच म्हणतात. मग पार्किंगमध्ये गोण्या सापडतात.”

दौलतरावांनी लॅपटॉप त्यांच्यापुढं फिरवला. मारुतरावांनी वाकून, मान तिरकी करून निरखून बघितलं. “डिझाइन चांगलं आहे. मिरची का? किचनमध्ये शोभेल. पण डिझाइन चांगलं असलं म्हणून परवानगी लागत नाही असं नाही.”

“अहो, हे कॉम्प्युटरमध्येच राहणार आहे. भिंतीला बसवायचं नाहीये काही.”

“बसवायचं नाही, तर मग काम काढलंय कशाला?” मारुतरावांनी विचारलं.

मग मंजुळाबाई पुढं आल्या. त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल आली होती. कधीपासून, असं दौलतरावांनी विचारलं. “तुम्ही लिफ्टमध्ये बोललात ना, त्याच दिवसापासून,” मंजुळाबाई म्हणाल्या, आणि मारुतरावांनी हे टिपून घ्यावं तशी मान हलवली. रागावले की दौलतरावांच्या तोंडी त्यांच्या गावची लातूरची बोली येते. “काय बोलायलाव तुम्ही? मी इथं राघू काढतोय आन् तुमच्या छताला पाणी कसं लागंल?” पण राघूचा उल्लेख झाल्यामुळे त्यांची बाजू आणखीच लंगडी पडली. मारुतराव शांतपणे म्हणाले, “परवानगी घेऊन टाका. तोपर्यंत तुमच्या नावावर प्रकरण प्रलंबित राहील.”

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस. बाथरूमला गुळगुळीत घेऊ नका, आमचे सासरे पडले. पांढरी घेऊ नका, केस दिसतात. काळी घेऊ नका, साबण दिसतो. एकानं तर आपल्या ओळखीच्या मिस्त्रीचा फोटो टाकला, टाइलसकट. दुसऱ्या एका अनुभवी गृहस्थानं लिहिलं की दोन टाइलमध्ये जराशी फट ठेवावीच लागते, नाहीतर उन्हाळ्यात फुगतात. हे वाचून दौलतराव चटकन उठून बसले, कारण फट हेच त्या वेळी त्यांचं खरं दुखणं होऊन बसलं होतं.

झालं होतं असं, की चौकोनाला चौकोन अगदी काटेकोर लावूनही मधे एक पांढरी रेघ दिसत होती. केसाएवढी. कधी दिसायची, कधी नाही. चित्र जवळ आणलं की सरकायची, लांब नेलं की पुन्हा हजर. दौलतरावांनी आकडे तपासले, बरोबर. पुन्हा तपासले, बरोबर. तरी रेघ आहेच. इतकी वर्षं ज्यांनी बाकीच्यांना न दिसणारे चरे शोधून काढले, त्यांच्या स्वतःच्या मालात चरा, आणि तोही ऐन सांध्यावर. त्यांना जेवण गोड लागेना.

“बाबा, ती रेघ फक्त स्क्रीनवर दिसते. कापडावर छापताना येत नाही,” प्राजक्ता म्हणाली.

“दिसतंय ते नाही कसं म्हणायचं? ग्राहकाच्या लक्षात आलं तर?”

“ग्राहक पाळण्यात असणार आहे, बाबा.”

ती हसली, पण दौलतरावांना काही हसू येईना. दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरकडे गेलेली असताना त्यांनी गुपचूप आतली नक्षी तशीच ठेवून चौकोन किंचित आखूड केला, म्हणजे एकाची कड दुसऱ्यावर चढेल आणि फट बुजेल. रेघ गेली. त्या रात्री ते छान जेवले.

मग प्राजक्ताला मुलगी झाली. काळंभोर जावळ, गोरीपान, आणि आवाज असा की मंजुळाबाई वर येऊन पेढे घेऊन गेल्या, वर ओल अजून आहे हेही सांगून गेल्या. बारसं सव्वा महिन्यानं ठरलं, सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, कारण महाळुंग्याहून टेम्पो भरून माणसं येणार होती आणि एवढी माणसं फ्लॅटमध्ये मावली असती तरी लिफ्टमध्ये मावली नसती. दौलतराव क्लबहाउस मागायला गेले. मारुतरावांनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि खेदानं मान हलवली. ज्याचं बांधकामाचं प्रकरण प्रलंबित आहे त्याला क्लबहाउस देता येत नव्हतं.

“पण बांधकाम नाहीच आहे.”

“मग काम पूर्ण झाल्याचं पत्र द्या.”

“सुरूच झालं नाही तर पूर्ण कसं होईल?”

“सुरू करायला परवानगी मागा ना. तेच तर मी पहिल्या दिवसापासून सांगतोय.”

हे असं गोलगोल किती फिरायचं? दौलतरावांनी ते तसंच सोडलं आणि आधी कापडाच्या मागे लागले. पिंपरीत सुजित नावाच्या पोराचं छपाईचं दुकान होतं. टी-शर्ट, झेंडे, सुती कापड, सगळं छापायचा. दौलतरावांनी फाइल दिली, मऊ मलमल निवडली. सुजितनं मशीनकडे वळता वळता विचारलं, “काका, रिपीट करायचं ना?”

आता हे समजून घ्या. क्वालिटी खात्यात रिपीट हा शब्द कुणी सहज उच्चारत नाही. एकदा आलेली तक्रार ग्राहकाकडून पुन्हा आली की तिला रिपीट म्हणतात, आणि रिपीट आली म्हटलं की मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये सगळ्यांना उभं करतात. दौलतरावांच्या अंगावर काटा आला. “रिपीट अजिबात नको,” ते ठणकावून म्हणाले. “एकदाच. जे करायचं ते पहिल्या झटक्यात बरोबर.”

“नक्की ना काका?”

“नक्की म्हणजे नक्की.”

सुजितनं खांदे उडवले आणि कापड दुसऱ्या दिवशी दिलं. दौलतराव ते न उघडता घरी घेऊन आले, कारण उघडायचा मान त्यांनी प्राजक्ताला ठेवला होता. तिनं घडी उलगडली. आणखी उलगडली. दिवाणभर पसरली. त्या सगळ्या कापडावर एकच अख्खा राघू होता. म्हशीच्या रेडकाएवढा. कडा मात्र कुठंही फाटल्या नव्हत्या, अगदी कोरीव होत्या. डोळा ताटलीएवढा झाला होता आणि तो थेट दौलतरावांकडे बघत होता. कडेवरचा दुसरा राघू खरोखरच अर्धा होता, त्याचं डोकं एका टोकाला आणि शेपूट दुसऱ्या टोकाला. प्राजक्ता इतकी हसली की कुसुमताईंनी बाळ तिच्याकडून काढून घेतलं.

बरं, हे तरी घरात राहावं ना? कुसुमताईंना कापड वाया गेलेलं खपत नाही. त्यांनी ते धुतलं आणि बाल्कनीत वाळत घातलं. पालिकेच्या निवडणुकीचा हंगाम, त्यात रस्त्यावरून दिसेल असा भलामोठा हिरवा फलक. तासाभरात ग्रुपवर फोटो आला. ‘ही कुठल्या पक्षाची निशाणी?’ कुणी म्हणालं ढोबळी मिरची, कुणी म्हणालं अपक्ष असणार. दौलतराव उभे राहणार असतील तर आधी पाण्याचं बघा, असं दोघांनी लिहिलं. मारुतरावांचा निरोप आला की बाल्कनीत प्रचार करता येत नाही, प्रकरणात हेही जोडण्यात येत आहे. दौलतरावांनी राघू स्वतः आत ओढला. ओढताना खालून कुणीतरी हात उंचावून नमस्कारही केला.

त्यांनी पुन्हा सुजितचं दुकान गाठलं. “रिपीट करा,” ते खालच्या आवाजात, आजूबाजूला बघत म्हणाले. या वेळी तोच चौकोन पुन्हा पुन्हा छापला गेला, कापडभर राघू आले, बेताचे, एकामागून एक. लांबून बघितलं आणि दौलतरावांची छाती फुगली. जवळून बघितलं आणि ती जागेवर आली. कडेवरच्या प्रत्येक राघूची मान मोडली होती. धड एकीकडे, डोकं जरा सरकून दुसरीकडे, शिवाय चोचीवर आणखी अर्धी चोच. प्राजक्तानं एकदा कापड बघितलं, एकदा फाइल बघितली, आणि विचारलं, “बाबा, चौकोन आखूड कुणी केला?”

दौलतराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले.

“ती रेघ घालवायला?”

“दिसत होती गं ती.”

या वेळी प्राजक्ता हसली नाही. बाळाला खांद्यावर घेऊन ती त्यांच्या शेजारी बसली. “बाबा, जे छापात येतच नाही ते दुरुस्त करायला गेलात आणि चांगल्या राघूंच्या माना मुरगाळल्यात. चौकोन होता तसा करा. रेघ दिसू दे. तशीच फाइल पाठवा. माझं रोजचं काम आहे हे, माझ्यावर विश्वास ठेवा.”

दौलतरावांनी चौकोन होता तसा केला. रेघ लगेच परत आली, पाहुणीसारखी बसून राहिली. बारसं तोंडावर आलेलं. आणखी एक कापड बिघडलं तर नवं करायला वेळच नव्हता. आणि डोळ्यांना स्पष्ट दिसणारा दोष घेऊन माल गेटबाहेर सोडायचा, हे त्यांनी नोकरीत कधी केलं नव्हतं; साहेबांनी ओरडून सांगितलं तरी केलं नव्हतं. त्यांचं बोट बटणावर होतं. त्यांनी लेकीकडे बघितलं. ती बाळाची पाठ थोपटत होती, रेघेकडे तिचं लक्षही नव्हतं. दौलतरावांनी डोळे मिटले आणि फाइल पाठवली.

कापड येईस्तोवर त्यांना दुसरं काही सुचू नये म्हणून कुसुमताईंनी त्यांना क्लबहाउसच्या मागे लावलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. “परवानगी मागा, म्हणजे ते देतील. दिली की काम झालं म्हणून सांगा. तुमच्या खरेपणापायी नातीचं बारसं जिन्यात करायचं का?” दौलतरावांनी जड मनानं अर्ज केला. सकाळी परवानगी मिळाली, संध्याकाळी त्यांनी काम पूर्ण झाल्याचं कळवलं, आणि मारुतराव मंजुळाबाईंना घेऊन पाहणीला हजर झाले.

बाथरूममध्ये त्याच जुन्या टाइल होत्या, बिल्डरनं बसवलेल्या. मारुतरावांनी चपला काढल्या. एकेक टाइल बोटाच्या पेरानं वाजवून बघितली. सांध्यावरून नख फिरवलं. दौलतराव दारात अवघडून उभे. बऱ्याच वेळानं मारुतराव सरळ झाले.

“मानलं तुम्हाला. नवीन कुठं बसवली ते कळतसुद्धा नाही.”

“जुन्यात जुनी दिसतेय अगदी,” मंजुळाबाई म्हणाल्या. “आणि भाऊ, खरं सांगू? कालपासून माझी ओलही सुकत चाललीये. मिस्त्रीचा नंबर द्या ना.”

दौलतरावांनी तोंड उघडलं. आतून कुसुमताईंचा खोकला ऐकू आला. दौलतरावांनी तोंड मिटलं आणि क्लबहाउसची किल्ली घेतली.

कापड आलं ते बारशाच्या आदल्या दिवशी. दौलतराव ते खिडकीशी घेऊन गेले, उन्हात धरलं, चष्मा लावून, चष्मा काढून, तिरकं करून बघितलं. रेघ नव्हती. मोडकी मान नव्हती. हळदी रंगावर हिरवे राघू नुसते बागडत होते. कुसुमताई लगेच मशीनवर बसल्या, आणि संध्याकाळपर्यंत झबली झाली, टोपडी झाली, कुंची झाली. दुपटं तेवढं अख्खं एकसंध ठेवलं.

बारशाला क्लबहाउस भरलं. महाळुंग्याचा टेम्पो आला, त्यातून व्याही उतरले, जावई रणजीत उतरला, नऊवारीतल्या बायका उतरल्या. सगळ्यांत शेवटी गोजाबाई उतरल्या आणि सरळ पाळण्याकडे गेल्या. नात बघितली, तिचा मुका घेतला. मग बाळंतविड्याचं ताट पुढं ओढलं आणि दुपटं उचललं. दौलतराव खांबाच्या आड सरकले. प्राजक्तानं त्यांना हाताला धरून बाहेर काढलं.

गोजाबाईंनी दुपटं उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. मग ते उजेडात धरलं. एका राघूपासून बोट निघालं, ते दुसऱ्यावर गेलं, तिसऱ्यावर, कापडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“भाऊ, ठसा कुठं जोडलाय ह्याचा?”

“चौकोना-चौकोनाला जोडलाय, विहीणबाई.”

“मंग सांधा कुठं हाय?”

“तो दिसत नाही,” दौलतराव म्हणाले.

“आसं कसं न्हाई दिसणार? आमी काय आज बघतोय व्हय कापड?” त्यांनी पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवलं. सावकाश. शेवटी गोजाबाईंनी दुपटं मांडीवर ठेवलं आणि मान हलवली. “न्हाई बा सापडत.”

मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून काजळाची डबी काढली. बोट बुडवून नातीच्या गालाला तीट लावली, तळपायाला लावली. आणि तेच काजळाचं बोट दुपट्याच्या ऐन मध्यावर, एका राघूच्या शेजारी, टेकवलं. काळा, गोल, ठसठशीत ठिपका. कुसुमताईंच्या तोंडून “अगंबाई” निघून गेलं.

“लई देखणं झालंय, भाऊ,” गोजाबाई म्हणाल्या. “दिष्ट लागंल.” आणि त्यांनी नातीला त्या दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवलं.

पाळणा म्हणायला सुरुवात झाली. दौलतराव उभे होते तिथंच उभे राहिले. कंपनीत तपासून झालेल्या पार्टवर काळ्या मार्करनं एक ठिपका ठेवतात. तो असला तरच पार्ट गेटबाहेर जातो. असे ठिपके दौलतरावांनी लोकांनी घडवलेल्या मालावर आयुष्यभर ठेवले होते. स्वतः घडवलेली वस्तू आणि तिच्यावर दुसऱ्यानं ठेवलेला ठिपका ते आज पहिल्यांदा बघत होते. त्यांना एकदम भरून आलं, आणि ते लपवायला त्यांनी उगाच घुगऱ्यांची वाटी उचलली.

गर्दी पांगल्यावर कुसुमताई हळूच जवळ आल्या. “कोरं करकरीत कापड हो. काजळ तेलकट असतं, आत्ताच लिंबू लावलं तर निघेल.”

“त्याला कुणी हात लावायचा नाही,” दौलतराव म्हणाले. “माल पास झालाय.”